संशयित बाजूला ठेव, आधी कागद बघ

अगं, जॅक द रिपर कोण, यावर तू सोमवारी ड्रुइटचं नाव पाठवलंस, बुधवारी कोस्मिन्स्कीचं आणि काल रात्री "मला काहीच कळत नाहीये, सोडून देऊ का?" सोडू नकोस, पण नावांच्या मागे पळणं आधी बंद कर. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या या खुनांच्या केसमध्ये संशयित आधी आवडतो आणि मग त्याला बसेल असा पुरावा शोधला जातो, तुझंही तेच चाललंय. समोर येईल त्या कागदाला एवढंच विचार: कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि त्याला कुठून कळलं?

लंडनचा पोलीस अधिकारी मॅकनॉटन याचं टिपण घे, ज्यात ड्रुइट, कोस्मिन्स्की आणि ओस्ट्रॉग ही तीन संशयितांची नावं आहेत आणि ड्रुइटबद्दल आपल्याला "खासगी माहिती" आहे असं तो म्हणतो. खून १८८८ चे, हा पोलिसात आला १८८९ मध्ये आणि टिपण १८९४ चं. ड्रुइटला तो डॉक्टर म्हणतो, ड्रुइट तर बॅरिस्टर होता आणि शाळेत शिकवायचा. ज्याला साधा धंदा नीट माहीत नाही त्याच्या "खासगी माहिती"वर तू फाशी देणार? आणि हो, ८ सप्टेंबरला, म्हणजे ॲनी चॅपमनच्या खुनाच्या दिवशी, सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथला क्रिकेट खेळत होता म्हणून सुटला असंही लिहू नकोस, खून पहाटेचा आहे, तेवढ्या वेळात व्हाइटचॅपलहून ब्लॅकहीथला सहज पोचता येतं. त्याच्या बाजूने असो की विरुद्ध, प्रश्न तोच.

कोस्मिन्स्कीचंही तसंच. या केसवरचा पोलीस अधिकारी स्वॉन्सन याने आपल्या वरिष्ठाच्या आठवणींच्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलंय की कोस्मिन्स्की वेड्यांच्या इस्पितळात लवकरच वारला, पण ॲरन कोस्मिन्स्की १९१९ पर्यंत जिवंत होता. मग स्वॉन्सनला कुठून कळलं? आणि खून झालेल्या कॅथरीन एडोजची म्हणून दाखवतात, जिच्यावरच्या डीएनएवरून कोस्मिन्स्कीला खुनी ठरवतात, त्या शालीचं तर नावच काढू नकोस. एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची यादी तेव्हाच केली होती, बारीकसारीक गोष्टींसकट, त्यात ती शाल नाही. मधली कितीतरी वर्षं ती कोणाकोणाच्या हातातून गेली याचा धड कागद नाही आणि मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून येतो, तो हजारो लोकांत सारखा सापडतो. लॅबचं नाव ऐकून दबू नकोस गं.

खरं काम हॅनबरी स्ट्रीटला आहे, जिथे एका घराच्या मागच्या अंगणात ॲनी चॅपमनचं प्रेत सापडलं. डॉ. फिलिप्सने सकाळी साडेसहाला तिला तपासलं आणि म्हणाला, मरून निदान दोन तास झालेत, म्हणजे साडेचारच्या आधी. पण त्या घरी आलेला रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता, त्याला तिथे काहीच दिसलं नाही. शेजारच्या कॅडॉशला साधारण सव्वापाचनंतर कुंपणापलीकडून आवाज आला, मिसेस लाँगने साडेपाचला घराबाहेर एक पुरुष आणि बाई पाहिली. डॉक्टर की हे तिघं? थंड पहाट, रक्त एवढं गेलेलं, अंग लवकर गार पडणारच, हे डॉक्टरनेही चौकशीत मान्य केलं होतं, म्हणून मी तिघांकडे झुकतो. पण लाँग आणि कॅडॉशच्या वेळाही एकमेकींशी नीट जुळत नाहीत, ते लपवायचं नाही.

या हट्टापायी माझा एक जवळचा मित्र तुटला. त्याने ड्रुइटवर कितीतरी वर्षं घातली होती आणि मी दर भेटीत तेच विचारायचो, कोणी लिहिलं, कधी लिहिलं. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. जरा मऊपणे विचारता आलं असतं, पण प्रश्न मी आजही मागे घेणार नाही. पाच बायका मेल्यात, त्यांच्या नावावर आपण कुणालाही खुनी ठरवत सुटायचं का?

मॅकनॉटनच्या टिपणातला ओस्ट्रॉग मात्र यादीतून काढ, खून होत होते तेव्हा तो फ्रान्समध्ये तुरुंगात होता आणि त्याची नोंद आहे. पुढच्या वेळी मला एकही नाव पाठवू नकोस. हॅनबरी स्ट्रीटच्या चौघांच्या वेळा मांडून पाठव, प्रत्येकीपुढे ती त्याला कशावरून कळली ते लिहून.