देवाची माझ्यासाठी काय योजना आहे, हे कसं ओळखायचं?

बडोद्यातली बँकेची नोकरी सोडून पूर्णवेळ मंडळीच्या (चर्चच्या) सेवेत जावं का, असं तुम्ही विचारलंय. बोलावणं आलं म्हणजे राजीनामा द्यायचाच, असं कोणी सांगितलं? देवाच्या इच्छेतला मोठा भाग शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आधीच उघड आहे: न्यायाने वागा, दयेची आवड धरा, देवासमोर नम्रतेने चाला (मीखा ६:८). कर्ज मागायला आलेल्या माणसाला उगाच हेलपाटे घालायला न लावणं त्यातच आलं.

उरलेल्या निर्णयासाठी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा १६वा अध्याय सावकाश वाचा. प्रेषित पौलाला आसिया या रोमी प्रांतात वचन सांगायला मनाई झाली, शेजारच्या बिथुनियाची वाटही बंद झाली. त्रोवस शहरात रात्री दृष्टान्त पौलाला झाला, पण त्याचा अर्थ सोबत्यांनी मिळून लावला. म्हणूनच या पुस्तकाचा लेखक लूक तिथे ‘आम्ही’ म्हणतो. पुढे फिलिप्पै शहरात लुदिया भेटते, जांभळी वस्त्रं विकणारी. तिने धंदा सोडला असं कुठेही लिहिलेलं नाही, घर मात्र उघडलं.

तेव्हा पाळकांना भेटा, घरच्यांनाही विचारा (हे हमखास राहून जातं!). काही महिने बिनकौतुकाचं काम करून बघा: उपासनेआधी सतरंज्या घाला, सयाजी हॉस्पिटलात एकट्या पडलेल्या आजाऱ्यापाशी बसा. चार जण ‘हे तुम्हाला जमतं’ म्हणाले तर पुढचं बोला. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा प्रकार मात्र नको. आणि घराचे हप्ते चालू असतील तर पाळकांना ते पहिल्याच भेटीत सांगा.