नेक्स्टक्लाउड घरात चालतं, बाहेरून उघडत नाही

तुमची अडचण मला कळली ती अशी: जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स), २ टीबीची यूएसबी डिस्क, वर नेक्स्टक्लाउड, म्हणजे फोटो-फायली ठेवायचा स्वतःचा घरगुती क्लाउड. घरच्या वायफायवर सगळं झकास, पण राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून येणारी जोडणी सर्व्हरकडे वळवूनही) मोबाइल डेटावरून काही उघडत नाही.

राउटर रीसेट करत बसू नका. त्याच्या सेटिंगमध्ये जो वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) दिसतो तो लिहून घ्या आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे निघाले आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेटवाल्याने एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटून दिलाय. फ्लॅटचं दार तुम्ही उघडं ठेवलंत, पण सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला तुमचा फ्लॅट नंबरच ठाऊक नाही. ते गेट तुमच्या हातात नाही, त्यामुळे राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, कायमचा सार्वजनिक पत्ता) विकत मिळत असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर, चौघांच्या घरासाठी मी सरळ टेलस्केल सुचवीन, म्हणजे तुमच्याच उपकरणांचं खासगी जाळं (व्हीपीएन). सर्व्हरवर आणि प्रत्येकाच्या फोनवर ते टाकायचं. आत वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्रच आहे, आणि जगाला एकही पोर्ट उघडा दिसत नाही. क्लाउडफ्लेअर टनेलही (त्यांच्या सर्व्हरमार्गे तुमच्या घरापर्यंतची वाट) चालतं, पण फुकटच्या प्लॅनमध्ये एका रिक्वेस्टला १०० एमबीची मर्यादा आहे. ब्राउझरमधून लग्नाचा व्हिडिओ चढवताना ती नेमकी आडवी येऊ शकते. कुठलाही मार्ग घ्या, नवा पत्ता कॉन्फिग फाइलमधल्या 'ट्रस्टेड डोमेन्स'मध्ये घाला, नाहीतर 'अनट्रस्टेड डोमेन' म्हणत सर्व्हर तुम्हालाच बाहेर उभं करेल.

आता न विचारलेलं सांगतो, कारण 'यूएसबी डिस्क' वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

दोन वर्षांपूर्वी रात्री वीज गेली, आली, सर्व्हर चालू झाला, पण डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टीमला जोडली गेली नाही. नेक्स्टक्लाउडने डेटा फोल्डर चुकीचं आहे, आतली खुणेची लपलेली फाइल सापडत नाही, अशी तक्रार केली. डिस्क जागेवर नाही हे कळावं म्हणूनच ही फाइल असते. मी शहाणा! कुठेतरी वाचून तीच फाइल हाताने बनवली. तक्रार गेली. मग फायली दिसेनात म्हणून स्कॅनची कमांड चालवली. सर्व्हरने रिकामं फोल्डर पाहिलं, डेटाबेसमधून सगळ्या नोंदी पुसल्या, आणि लॅपटॉपवरच्या सिंक क्लायंटने 'सर्व्हरवर नाहीत ना, मग इथलेही काढतो' म्हणत फोटो उडवायला सुरुवात केली. बायको ओरडली म्हणून वायफाय बंद केलं. मूळ फायली डिस्कवर शाबूत होत्या, पण पुन्हा स्कॅन केल्यावर प्रत्येक फाइलला नवा क्रमांक मिळाला आणि नातेवाइकांना दिलेल्या सगळ्या लिंक मेल्या.

तेव्हा डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) करा, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, नोंदवा, आणि ती तक्रार दिसली की कशालाही हात न लावता आधी माउंट तपासा. विंडोजची एनटीएफएस डिस्क तशीच वापरू नका, फायलींच्या मालकी आणि परवानग्यांत अडकाल.

लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर फुकटचा यूपीएस आहे, मात्र राउटरलाही छोटा यूपीएस लागेल. बॅटरी फुगलेली वाटली तर काढून टाका. झाकण मिटल्यावर सर्व्हर झोपू नये म्हणून लॉगइनडी या सिस्टीम सेवेच्या कॉन्फिगमध्ये लिड स्विच 'इग्नोर' करून ठेवा.

इन्स्टॉल करताना डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट निवडलं असेल तर फायली वाढायच्या आत मारियाडीबीवर या. फाइल लॉकिंगला (एकच फाइल दोघांनी एकदम बदलू नये म्हणून) रेडिस ही मेमरीतली साठवण, पार्श्वभूमीच्या कामांना दर ५ मिनिटांचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. अपग्रेडमध्ये मोठी आवृत्ती गाळता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते, म्हणून फार मागे पडू नका.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे वरच्या रामायणात आलंच. डेटा फोल्डर, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि कॉन्फिग फोल्डर, तिन्ही हवेत. कॉन्फिग लोक हमखास विसरतात, आणि त्यातली 'सीक्रेट' ही गुप्त किल्ली गेली की साठवलेले काही पासवर्ड परत वाचता येत नाहीत. मी मेंटेनन्स मोड लावून (नेक्स्टक्लाउड तात्पुरतं थांबवून) डंप घेतो, मग रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने सगळं दुसऱ्या डिस्कवर पाठवतो, आणि ती डिस्क भावाकडे असते. चार-सहा महिन्यांनी एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर सगळं परत उभं करून बघतो. पहिल्या खेपेला उभं राहिलं नव्हतं.

वॅन आयपीचे टिंबांनी वेगळे केलेल्या भागांपैकी पहिले दोनच (जसं १००.६४) इथे टाका, पूर्ण आयपी नको. त्यावरून पुढचं सांगतो.