प्रश्नोत्तरे : बांगलादेशची परवानगी आणि आपला कांदा

प्रश्न : आपली निर्यात खुली असली तरी मार्च-एप्रिलमध्ये बांगलादेशची मागणी का नसते? (वाचक, निफाड)

कारण परवानगी दोन ठिकाणची लागते. दिल्लीने निर्यात खुली ठेवली तरी तिथल्या व्यापाऱ्याला त्यांच्या कृषी विस्तार खात्याकडून आयात परवाना घ्यावाच लागतो. पाबना, फरीदपूर भागातला त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिललाच निघतो, म्हणजे नेमका आपल्या उन्हाळ (रब्बी, साठवणीच्या) कांद्याच्या वेळी. तिथल्या शेतकऱ्याचे भाव पडू नयेत म्हणून सरकार परवाने थांबवतं. 2023 मध्ये मार्चच्या मध्याला थांबवलेली आयात 5 जूनला सुटली. डिसेंबरपासून त्यांचा 'मुडीकाटा' (छोटे कांदे लावून घेतलेला आगाप) कांदा बाजारात येतो, तेव्हा आपल्या लाल (खरीप) कांद्याला टक्कर असते. त्यांचा साठा आटतो पावसाळ्याच्या उत्तरार्धात. बांगलादेशचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असेल तर चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) ऑगस्ट ते नोव्हेंबरचा कांदाच धरा.

प्रश्न : मग सगळा उन्हाळ कांदा चाळीत भरावा का? (वाचक, येवला)

नाही. चार-पाच महिन्यांत घट आणि सड मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. आज किलोला 15 रुपये मिळत असतील तर सप्टेंबरात 22 रुपये 50 पैसे मिळाले तरच बरोबरी होते, चाळीचा खर्च वेगळाच. काढणीच्या वेळी गरजेपुरता विका, उरलेला दोन-तीन टप्प्यांत काढा.

टिकाऊपणा ठरतो शेतातच. काढणीआधी 15 दिवस पाणी तोडा. उपटलेला कांदा पातीसकट तीन दिवस वाळवा, एक ते दीड इंच मान ठेवून पात कापा आणि मग 10-12 दिवस सावलीत सुकवा. चाळीतला थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नको, नाहीतर खालचा कांदा दबतो आणि मधे हवा खेळत नाही. उशिरा युरिया दिला की माना जाड राहतात, त्या नीट वाळत नाहीत आणि सड तिथूनच सुरू होते.

लाल कांदा मात्र टिकत नाही, त्यामुळे त्याला थांबता येत नाही. 7 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली ती ऐन लाल कांद्याच्या आवकेत, आणि बंदी उठली 4 मे 2024 ला. तो हंगाम संपूर्ण हातचा गेला. शेतकऱ्यावर हा उघड अन्याय होता.

प्रश्न : निर्यात शुल्क परदेशी ग्राहकच भरतो ना? (वाचक, चांदवड)

इजिप्त, पाकिस्तान, चीनचा कांदा समोर असताना तो जास्त पैसे देत नाही. निर्यात किंमत किलोला 30 रुपये आणि शुल्क 40 टक्के असेल, तर 12 रुपये शुल्कातच जातात. उरलेल्या 18 मधून ट्रकभाडं, बारदान, हमाली आणि व्यापाऱ्याचा नफा वजा होऊन लिलावाची बोली ठरते. 1 एप्रिल 2025 पासून हे शुल्क नाही.

अचानक बंदीचा घाव त्याहून खोल असतो. 14 सप्टेंबर 2020 च्या बंदीत पेट्रापोल, घोजाडांगा, हिली या बांगलादेश सीमेवरच्या नाक्यांवर भरलेले ट्रक अडकले आणि माल सडला. नंतर 25 हजार टनांना सूट मिळाली, पण तोवर तिकडच्या आयातदारांनी दुसरे देश गाठले होते.

प्रश्न : संत्र्याचं काय? (वाचक, वरूड)

तिथे अडथळा पलीकडून आहे. बांगलादेशचं आयात शुल्क 2019 मध्ये किलोला 20 टका (त्यांचं चलन) होतं, ते 2023 पर्यंत 88 टक्यांवर गेलं. डॉलर वाचवण्यासाठी त्यांनी 2022 मध्ये फळांवर जादा शुल्कही लावलं. सौदा करताना त्या दिवशीचा शुल्कदर व्यापाऱ्याकडून लेखी घ्या आणि आंबिया बहराचा (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा) सगळा माल एकाच निर्यातदाराला बांधून देऊ नका.