सासूबाईंचा दम आणि न्हाणीतली चूल

कुडाळजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: “माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. त्यांनी कधी विडीला हात लावला नाही, पण सारे आयुष्य चुलीपुढे गेले. गेल्या पावसाळ्यात दम लागून त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा एम्फिसीमाचे निदान झाले आणि फुप्फुसे पूर्ववत होणार नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले. यजमान मुंबईला असतात. स्वयंपाक आता गॅसवर होतो, पण न्हाणीतली चूल त्या विझवू देत नाहीत. विहिरीवरून येताना फणसाच्या बुंध्याला हात टेकून उभ्या राहतात आणि विचारले तर म्हणतात, ‘कुयरे (कोवळे फणस) बघतंय, माका काय झाला नाय.’ मी त्यांना कसल्याच कामाला हात लावू देत नाही, त्यावरून रोज खटके उडतात. त्यांच्या हाती किती वर्षे आहेत? ऑक्सिजन लागला म्हणजे सगळे संपले का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षांच्या आकड्यात देता येत नाही, आणि केवळ एक्स-रे पाहून कोणी तसा आकडा सांगितलाच तर तो मनावर घेऊ नका. आजार पुढे कसा सरकतो, हे मात्र सांगता येते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या घरातच ठरणाऱ्या आहेत.

आपल्या फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या असतात. वर्षानुवर्षे धूर आत गेला की त्यांच्या पातळ भिंती झिजतात, आणि बारीक घरांच्या जाळ्याचे धागे तुटून मोठी भोके पडावीत तसे होते; यालाच एम्फिसीमा म्हणतात. प्राणवायू रक्तात उतरायला जागा कमी पडते. शिवाय फुप्फुसांचा ताण गेल्यामुळे हवा आत शिरते पण पुरती बाहेर पडत नाही. तुमच्या सासूबाईंचा दम मुख्यतः श्वास सोडताना अडतो, तो यामुळे. तुटलेल्या भिंती औषधाने पुन्हा बांधल्या जात नाहीत, हे डॉक्टरांनी खरेच सांगितले आहे. तथापि वयाबरोबर फुप्फुसांची ताकद सर्वांचीच थोडी थोडी कमी होत असते. धूर चालू राहिला तर या आजारात ती उतरण तीव्र होते आणि धूर थांबला तर पुष्कळदा सौम्य होते. स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या तपासणीत पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजतात. ती अपेक्षेच्या ५० टक्क्यांखाली असेल तर आजार तीव्र आणि ३० टक्क्यांखाली असेल तर अतितीव्र समजतात. हा आकडा डॉक्टरांकडून जरूर विचारून घ्या, पण एकच टक्केवारी असलेल्या दोन माणसांचे जगणे सारखे नसते, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून न्हाणीतल्या चुलीबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. बंद न्हाणीत नारळाची सोडणे (सोललेली सालपटे) आणि ओल्या चुडत्या (झावळ्या) पेटवून फुंकणीने जाळ करणे म्हणजे त्यांच्या फुप्फुसांवर रोज सकाळी नवा घाव घालणे आहे. यजमान शिमग्याला येतील तेव्हा पाणी तापवायला विजेचा गिझर बसवून घ्या. गॅसचा गिझर बंद न्हाणीत विषारी वायूमुळे धोक्याचा ठरतो. भाजावळीच्या दिवसांत शेतातला धूर घराकडे येत असेल तर त्या वेळी त्यांना दारे-खिडक्या लावून आत बसवा, आणि परसात काजू भाजत असताना त्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

कामाच्या बाबतीत मात्र मला तुमच्याशी स्पष्ट असहमत व्हावे लागते. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायांचे स्नायू गळतात, आणि गळालेले स्नायू थोड्या हालचालीलाही जास्त प्राणवायू मागतात. मग दम पूर्वीपेक्षा लवकर लागतो. भरलेली कळशी त्यांच्याकडून काढून घ्या, पण भाजी निवडणे, तांदूळ पाखडण्याऐवजी धुणे, फुले काढणे ही कामे त्यांच्याकडेच राहू द्या आणि पडवीत रोज थोडे चालवा. त्या फणसाला टेकून उभ्या राहतात ते योग्यच करतात; पुढे किंचित झुकून हात टेकले की श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. तिथे त्यांना नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायला शिकवा, आणि वाटेत एक बाकडे ठेवा, म्हणजे त्यांना कुयऱ्यांचे निमित्त शोधावे लागणार नाही. पोट गच्च भरले की दम वाढतो. तेव्हा पेज, अंडे, मासे थोडे थोडे करून चार-पाच वेळा द्या, कारण या आजारात वजन उतरणे चांगले नाही.

खरी भीती एकाएकी उसळणाऱ्या आजारपणाची धरावी. गेल्या पावसाळ्यात झाले ते बहुधा तेच. अशा प्रत्येक उसळीनंतर प्रकृती थोडी खालच्या पायरीवर स्थिरावण्याचा संभव असतो. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, दम नेहमीपेक्षा जास्त लागला, तर दोन दिवस वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर झाले, गुंगी आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तत्काळ १०८ला फोन करा. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी पावसाळ्यापूर्वी द्या. इनहेलर स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी नळी) लावून घेतात का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर करून दाखवायला लावा. चुकीच्या पद्धतीने घेतलेले औषध घशातच राहते.

आता ऑक्सिजन. दम लागला म्हणजे तो लागतोच असे नाही. स्थिर प्रकृतीतही स्वस्थ बसलेले असताना रक्तातील प्राणवायू साधारण ८८ टक्के किंवा त्याहून कमी राहत असेल, तर डॉक्टर तो घरी लावायला सांगतात. तो दिवसाचे निदान १५ तास घेतला तर अशा रुग्णांचे आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसून आले आहे. अनेक जण तो लावून वर्षानुवर्षे घरात वावरतात. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा. फक्त त्याचे प्रमाण स्वतःहून वाढवायचे नाही, कारण या आजारात जादा ऑक्सिजनही घातक ठरू शकतो. आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, चूल काहीही पेटवायचे नाही.

पुढे कधी आजार फारच बळावला तर आयसीयू, श्वासाचे यंत्र यांबद्दल त्यांची स्वतःची इच्छा काय आहे, हे त्यांनाच विचारायला हवे. मुलाने आणि सुनेने परस्पर ठरवण्याची ही गोष्ट नाही. दवाखान्याच्या दारात, घाबऱ्याघुबऱ्या अवस्थेत हे विचारता येत नाही. तेव्हा शिमग्याला यजमान घरी असताना, सासूबाईंना बरे वाटत असेल अशा दिवशी, तिघांनी बसून बोला आणि त्या जे सांगतील ते त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.