काकूंना विचारा : चार दिवसांत माल्टा?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी, मिस्टर, दोन मुलं (५ आणि ११ वर्षं) आणि सासूबाई (६८) असे पाच जण ऑगस्टच्या मध्याला माल्टाला जायचं म्हणतोय. आमचा सगळ्यांचाच पहिला परदेश प्रवास. देश एवढासा, म्हणून चार दिवसांत सगळं बसवलंय. पहिल्या दिवशी राजधानी व्हॅलेटा आणि जुनी राजधानी इम्दिना, दुसऱ्या दिवशी गोझो बेट आणि ब्लू लगूनची खाडी, तिसऱ्या दिवशी हायपोजियम आणि बाकीची मंदिरं, चौथ्या दिवशी खरेदी. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. बरोबर काय काय घ्यावं?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : तुमचं वेळापत्रक वाचलं आणि पेन घेऊन त्यातलं निम्मं खोडलं. रागावू नका. लेक तिथे नर्स आहे, त्यामुळे माझं जाणं-येणं असतं, आणि चार दिवसांत माल्टा उरकायला आलेल्या माणसांचे चेहरे मी बसस्टॉपवर बघते.

नकाशा फसवतो तो इथेच. भूमध्य समुद्रातल्या बेटांचा हा अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या दुप्पटही नाही. मोठं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत २७ किलोमीटर. आपल्याला अक्कलकोट याहून लांब, आणि तिथे तर आपण सकाळी दर्शन घेऊन जेवायला घरी येतो. पण माल्टात एवढ्या जागेत साडेपाच लाखांवर माणसं राहतात, वर पर्यटक, वर प्रत्येकाची गाडी. २०२२च्या ऑक्टोबरपासून तिथल्या रहिवाशांना बस फुकट झाली. चांगलंच झालं, पण सकाळी स्लीमाच्या स्टॉपवर उभं राहून बघा. बस येते, आत माणूस माणसाला चिकटलेला, ड्रायव्हर नुसता हात हलवतो आणि निघून जातो. पुढचीही तशीच. तुम्ही हात केला नाहीत तर रिकामी बससुद्धा थांबत नाही, हे वेगळं. तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात बस बदलली तरी दुसरं काढावं लागत नाही. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा जवळच्या अंतराला बोल्टसारख्या ॲपवरून मोठी टॅक्सी मागवा. पाच तिकिटांच्या मानाने फार महाग पडत नाही आणि सासूबाईंना बसायला मिळतं.

म्हणून हिशेब असा धरा : सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक, दुपारी खोलीवर आडवं व्हायचं. चाराचे सहा दिवस करा. जमत नसेल तर ठिकाणं कमी करा.

आता तारीख. १५ ऑगस्टला त्यांचा सांता मारियाचा सण असतो. सगळा देश सुट्टीवर आणि निम्मा देश गोझोला! नेमकं तेव्हाच तुम्ही गोझोच्या बोटीच्या रांगेत उभ्या राहणार. शिवाय ऊन. ‘आम्हाला सोलापूरकरांना उन्हाचं काय सांगता’ म्हणणारे मी बरेच बघितलेत. आपलं ऊन कोरडं, तिथलं दमट, आणि पिवळा चुनखडीचा दगड भिंतीतून आणि रस्त्यातून दोन्हीकडून डोळ्यांवर येतो. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत जा. एखादी पावसाची सर येईल, पण चालणं सुसह्य होईल.

हायपोजियमचं मात्र आधी ऐका, कारण तिथे पैसे वाया जातात. जमिनीखाली खडकात कोरलेली ही दफनभूमी, पाच हजार वर्षांहून जुनी. १९०२मध्ये घरांसाठी पाण्याची टाकी खणताना मजुरांना सापडली. आतली हवा बिघडू नये म्हणून एका वेळी दहाच माणसं सोडतात, तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. म्हणजे धाकट्याला घेऊन कोणीतरी बाहेर बसणार. ते कोण, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यापेक्षा सगळे मिळून समुद्राकाठच्या कड्यावरची हाजर इम आणि इम्नायद्रा ही मंदिरं बघा. इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत, वर मोठे तंबू घातलेत आणि मुलांना मोकळं फिरता येतं.

गोझोला एक रात्र राहाच. चिरकेवा बंदरावरून बोट साधारण पंचवीस मिनिटांत पोचवते. जाताना तिकीट विचारत नाहीत, पैसे परतताना घेतात, तेव्हा खिडकी शोधत पळू नका. व्हॅलेटाहून निघणारी फास्ट फेरी वेगळी, तिचं तिकीट वेगळं. कोणी एजंट समुद्रातल्या दगडी कमानीचा फोटो दाखवून गोझो विकत असेल तर त्याला सांगा, ती कमान मार्च २०१७च्या वादळात कोसळली. ब्लू लगून सासूबाईंसाठी नाहीच : खडक, गर्दी, सावली नाही, आणि आता आधी ऑनलाइन वेळही नोंदवावी लागते. मुलांना समुद्र हवा असेल तर मेलीहाचा वाळूचा किनारा बघा, बराच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच.

सासूबाईंच्या चपला घरी ठेवा, रबरी तळाचे बूट घ्या. व्हॅलेटात पायऱ्याच पायऱ्या. शेकडो वर्षं पाय पडून दगड गुळगुळीत झालाय, आणि पाऊस शिंपडला की ओल्या शहाबादी फरशीवर चालल्यासारखं होतं. सेंट जॉनच्या चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचेच्या सँडलला बंदी आहे (खाली संगमरवरी थडगी आहेत), आणि रविवारी पर्यटकांना बंद. तिथे काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८चं, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव. सही सांडलेल्या रक्तातच रंगवलीय. मोठ्या मुलाला ती शोधायला सांगा.

जेवण. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बाकी सगळे प्रश्न मिटतात. डाळ-तांदूळ मिळतात, आपली माणसं तिथे भरपूर आहेत. कडक भाकरी, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट न्या. शेंगाचटणी न्या, पण लसूण न घालता घरीच कुटा, दुकानातली चालणार नाही. तूप, पेढे, खवा नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. कढीपत्ताही नको. तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर पास्तिझी मिळते, खुसखुशीत पारीत चीज किंवा वाटाणा. वाटाण्याची शाकाहारी वाटते, पण पारीत डुकराची चरबी असू शकते. विचारल्याशिवाय सासूबाईंना देऊ नका.

नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, फक्त चवीला जरा खारट. देशात नदी नाही, निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं करून पुरवतात, आणि नळ चोवीस तास चालू! चार-चार दिवस पाण्याची वाट बघणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय बोलावं? बाटली घेतलीत तर वर दहा सेंट अनामत पडते, यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत. हे काम मुलांकडे द्या.

प्लग दुबईसारखा, तीन चौकोनी पिनांचा. गल्लीत कोणी आखातातून आलेलं असेल तर ॲडॅप्टर मागून घ्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांना ९० युरो, मोठ्या मुलाला ४५, धाकट्याला फुकट. बोटांचे ठसे द्यायला मोठ्यांना स्वतः जावं लागतं, बाराच्या आतल्या मुलांचे घेत नाहीत. ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच. थेट विमान नाही. रोम किंवा फ्रँकफुर्टवरून गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून मध्ये तीन तास तरी ठेवा.

प्रश्न : तिथे आपल्यासारखी डावीकडून गाडी चालवतात. भाड्याने घ्यावी का?
– जुळे सोलापूर

उत्तर : गोझोत खुशाल घ्या. मोठ्या बेटावर गाडी चालवणं सोपं, लावणं कठीण. पांढऱ्या पट्ट्यांत कोणीही लावावी, हिरव्या फक्त रहिवाशांच्या, निळ्यांवर वेळेचं बंधन. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

प्रश्न : उन्हाळ्यात तिथे सकाळपासून बाँब फुटतात म्हणे, खरं का? बाळ लहान आहे.
– होटगी रोड

उत्तर : खरंय. गावोगावच्या फेस्ताचे, म्हणजे गावच्या संताच्या जत्रेचे दिवस ते. होम मैदानावरचं गड्डा जत्रेचं दारूकाम बघितलेल्याला रात्रीची आतषबाजी आवडेलच. पण हे बाँब सकाळी आठलाही सुरू होतात, त्यांना रंग नाही, नुसता आवाज. खोली ठरवण्याआधी मालकाला दोन गोष्टी विचारा : त्या आठवड्यात गावात फेस्ता आहे का, आणि चर्च किती लांब आहे.