'आदाम' म्हणजे पुरुष नव्हे!

विचारलंय असं: 'आदाम म्हणजे पहिला पुरुष, मग क्विअर (स्त्री-पुरुष या ठरीव चौकटींपलीकडे बघणारे) ख्रिस्ती अभ्यासक त्याला ना स्त्री ना पुरुष का म्हणतात, आणि त्यात पर्यावरण कुठून आलं?'

आदाम म्हणजे पुरुष, हे ऐकून ऐकून वैताग आलाय. आदमी, आदमकद सगळ्यांना माहीत आहे, ते सोडा. मूळ हिब्रू बघा, बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव माणूस घडवतो तो 'अदामा'तून, म्हणजे जमिनीतून, म्हणून तो आदाम! 'अदोम' म्हणजे तांबडा, त्यामुळे अदामा ही तांबडी माती, कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायलाच नको. काही अभ्यासकांना हा तांबडा संबंध मान्य नाही, मला पक्का पटतो.

आणि या गोष्टीत पुरुषासाठी 'ईश' हा शब्द थेट २:२३ ला (दुसरा अध्याय, तेविसावं वचन) येतो, बाईसाठीचा 'इश्शा' त्याच्या एक वचन आधी. तोवर जे आहे ते नुसतं मातीचं माणूस. बायबलच्या अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी १९७८ मधे हेच मांडलं, आणि त्याच्या कितीतरी शतकं आधी ज्यू रब्बी, म्हणजे धर्मगुरू, पहिला आदाम उभयलिंगी होता असं सांगत होते, तेव्हा हे आजचं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी जरा जुनं वाचावं. 'पण आदाम पुल्लिंगी शब्द आहे' म्हणे! अहो, हिब्रूत नपुंसकलिंगच नाही, ते करणार काय? आपल्याकडे आहे, 'घरातलं माणूस', 'बाईमाणूस' आपण रोज म्हणतो, भाषांतराला याहून चांगली सोय कुठल्या भाषेत मिळणार होती?

पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या पत्रावर (२०१५) माझा राग इथेच आहे. १:२८ मधलं 'सत्ता चालवा' म्हणजे पृथ्वी ओरबाडा असं नाही, २:१५ मधली मशागत आणि राखण बघा, हे ६७व्या परिच्छेदात उत्तम सांगितलंय. पण १५५व्यात सृष्टीचा स्वीकार करायचा तर आपलं शरीर स्त्रीत्व-पुरुषत्वासकट स्वीकारा, अशी सांगड घातली आहे, म्हणजे ट्रान्स माणसाला सृष्टीच्या बाहेरच काढलं की! मातीबद्दल एवढं बारकाईनं वाचणाऱ्यांनी त्याच मातीतून आलेल्या आदामाबद्दल का नाही वाचलं?

मशागतीसाठी तिथे 'आवद' हे क्रियापद आहे, देवाची सेवा करण्यासाठीही तेच वापरतात. २:५ मधे तर रान उगवलं नाही याची कारणं दोनच दिलीत, पाऊस नव्हता आणि अदामाची सेवा करायला आदाम नव्हता. त्यामुळे कोळशाच्या खाणींसाठी १:२८ चा दाखला देणाऱ्यांनी आधी हे वचन वाचून दाखवावं, तिथे आदामाला काम दिलंय, लिंग दिलेलं नाही.