वहिनी देवाशी बोलत नाही

प्रश्न : भावाचा १९ वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून वहिनी चर्चला येत नाही. ‘देवाची इच्छा’ असं कोणी म्हणालं की उठून आत जाते. तिची सात वर्षांची मुलगी विचारते, दादाला देवाने का नेलं? वहिनीचा विश्वास उडालाय का?

उत्तर : उडालेला वाटत नाही. ज्याला मानतच नाही, त्याच्यावर कोण रुसेल? लाजर गेल्यावर मार्था आणि मरीया दोघींनीही येशूला तेच सुनावलं : तू इथे असतास तर भाऊ मेला नसता (बायबल, योहान ११). त्याने एकीलाही दटावलं नाही. लाजरला आपण मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला.

१ थेस्सलनीकाकर ४:१३ हे बायबलचं वचन लोक अर्धंच सांगतात. ‘शोक करू नका’ असं ते पत्र लिहिणारा पौल म्हणतच नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, म्हणतो. रोमकर ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांच्या भल्यासाठीच सगळं घडतं) खरं असलं तरी ताज्या दुःखात दुसऱ्याने ऐकवायचं वचन ते नव्हे. मुलं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. ईयोबाच्या पुस्तकात ४२व्या अध्यायात देव रागावतो तो त्यांच्यावर.

वहिनींना हवं असेल तर स्तोत्र १३ द्या. वचनं सहाच. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा सवाल चारदा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. भरवशाची वचनं ओठांवर येत नसतील तर त्यांनी चौथ्यावर थांबावं. उरलेली दोन तुम्ही म्हणा. तेही जड गेलं तर स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं, तरी बायबलमध्ये आहे.

चर्चला येण्याचा आग्रह नको. आपणहून निघाल्या तर दाराजवळच्या बाकावर बसवा, उपासना सुरू झाल्यावर पोचा, संपता संपता निघा. सांत्वन करणारे दारातच गाठतात. अंत्यविधीत म्हटलेलं गीत त्या दिवशी आहे का, हे पाळकांना आधी विचारा.

मुलीला ‘देवाने नेलं’ सांगू नका, आता देव आईला कधी नेईल, याची ती वाट बघत बसेल. ‘झोपला’ही नको; मुलं मग रात्री झोपायला घाबरतात. ‘दादाला फार लागलं, त्याचं शरीर बंद पडलं, तो मेला. देवाने काही त्याला मारलं नाही. आता तो देवाजवळ आहे,’ एवढं पुरे. ती पुन्हापुन्हा विचारेल. दर वेळी तेच शब्द वापरा.

आणि वहिनी ‘मला त्याच्याकडे जायचंय’ म्हणाल्या, तर विश्वासू माणसाची आशा म्हणून ते सोडून देऊ नका. सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? उत्तर ‘हो’ आलं, किंवा आलंच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तोवर एकटं ठेवू नका. पाळकांना त्यानंतर बोलवा.